अण्वस्त्र तपासणीचे कागद मागायचे, तर कुलूप कोणाचं ते आधी बघा

प्रश्न असा आला आहे. शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्राचं एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी दोन प्रकारचे कागद हवेत. एक, १९९१ नंतर इराकमध्ये झालेल्या अण्वस्त्र तपासण्यांचे मूळ अहवाल. दोन, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे, म्हणजे आयएईएचे निरीक्षक आपल्याकडे येतात, त्यांच्या तपासणीच्या नोंदी. तिने विचारलंय, "दहा रुपयांचं तिकीट लावून आरटीआय टाकला तर मिळेल का? आणि असलं काही मागितलं म्हणून घरी पोलीस तर येणार नाहीत ना?"

पोलिसांचं आधी सांगतो, कारण ही भीती घेऊन माझ्याकडे बरीच पोरं येतात. कायद्याने दिलेल्या वाटेने माहिती मागणं हा गुन्हा नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) नुसार माहिती का हवी हे सांगायचंही बंधन नाही. मागितलेली गोष्ट गुप्त असेल तर उत्तर "देता येत नाही" असं येईल, इतकंच. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. उद्या कोणी "माझ्याकडे आतला कागद आहे, शिक्क्यासकट" म्हणून मोबाइलवर काही पाठवलं, तर ते घेऊ नका, पुढे पाठवू नका. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कलम ५ मध्ये असा कागद जाणूनबुजून स्वीकारणं हाही गुन्हा आहे. अर्ज करणारी विद्यार्थिनी आणि फुटलेला कागद बाळगणारी विद्यार्थिनी यांच्यात कायदा मोठा फरक करतो.

तिकिटाचंही सांगून टाकतो. कोर्ट फी स्टॅम्प राज्याच्या कार्यालयांना चालतो. केंद्राच्या कार्यालयाला तो लावला तर अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो. तिकडे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा, नाहीतर सरळ केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर भरा.

आता मूळ मुद्दा. राज्याचा २००२ चा माहिती अधिकार कायदा होता तेव्हापासून मी अर्ज लिहितोय, लोकांचे अर्ज दुरुस्त करून देतोय. इतक्या वर्षांत एक सवय लागली. "गोपनीय" असा शिक्का दिसला की मी विचारतो, हे गुपित कोणाचं? तपासणाऱ्याचं, तपासून घेणाऱ्याचं, की तिसऱ्याच कोणी विश्वासाने सांगितलेलं? अण्वस्त्र तपासणीच्या कागदांवर हे तिन्ही प्रकार एकाच पानावर असू शकतात. कुलूप कोणाचं हे कळलं की अर्ज कोणत्या दारात टाकायचा ते कळतं. न कळता टाकलेला अर्ज "कलम ८(१)(ए), देशाची सुरक्षा" असं एका ओळीचं उत्तर घेऊन परत येतो.

आयएईएचं कुलूप घ्या. ही संस्था १९५७ पासून व्हिएन्नात आहे. तिच्या घटनेतच लिहिलंय की कर्मचाऱ्याने कामात कळलेली गोपनीय माहिती उघड करायची नाही. अण्वस्त्र प्रसारबंदी करारातल्या देशांशी ती जे तपासणी करार करते, त्यांचा नमुना म्हणजे १९७२ चा इन्फसर्क/१५३ (इन्फसर्क म्हणजे संस्थेचं माहिती परिपत्रक). त्यातही तेच बंधन आहे. तपासणीत मिळालेली माहिती संस्था कुणालाही देणार नाही. अणुसामग्रीची गोषवारा स्वरूपातली आकडेवारी छापायची तर संचालक मंडळाचा ठराव हवा आणि त्या देशाची संमतीही हवी. हे जाचक वाटतं, पण यामागचं कारण खरं आहे. निरीक्षकाला दार उघडून मिळतं ते या भरवशावर. उत्तर कोरियाने डिसेंबर २००२ मध्ये आणि परत एप्रिल २००९ मध्ये निरीक्षकांना देशाबाहेर काढलं. देशाने दारच लावून घेतलं तर निरीक्षकाच्या हातात काही उरत नाही. म्हणून व्हिएन्नाला पत्र लिहून "तपासणी अहवाल द्या" म्हणण्यात अर्थ नाही. संस्थेच्या अभिलेखागारात साधारण ३० वर्षांहून जुने सर्वसाधारण धोरणाचे कागद संशोधकांना मागता येतात, ते जरूर मागा. तपासणीचे गोपनीय कागद त्या नियमाने आपोआप खुले होत नाहीत.

पण हे बंधन संस्थेवर आहे. तपासून घेणाऱ्या देशाने स्वतःचा कागद स्वतः छापायचा म्हटलं तर त्याला कोण अडवणार? देश स्वतःची पत्रं संस्थेमार्फत इन्फसर्क म्हणून सगळ्यांना वाटायला सांगतात, तो रिवाज जुना आहे. म्हणजे भारताच्या बाबतीत एक किल्ली दिल्लीत आणि मुंबईत आहे. तिथे आपला कायदा चालतो.

तरी आधी एक गैरसमज काढतो, कारण तुमच्या प्रश्नात तो आहे. भारताच्या अण्वस्त्रांची तपासणी कोणीही करत नाही. आपण प्रसारबंदी करारात नाही. नागरी आणि लष्करी अणुकेंद्रं वेगळी करणाऱ्या २००६ च्या विभाजन आराखड्यात २२ पैकी १४ अणुभट्ट्या तपासणीखाली द्यायचं ठरलं, लष्करी बाजू पूर्ण बाहेर राहिली. आयएईएशी झालेला २००९ चा करार म्हणजे इन्फसर्क/७५४, आणि तो सगळ्यांना वाचायला खुला आहे. तारापूरचंच बघा. एकाच आवारात चार भट्ट्या आहेत. एक आणि दोन नंबरच्या जुन्या भट्ट्या १९७१ च्या भारत-अमेरिका-आयएईए त्रिपक्षीय करारापासून तपासणीखाली आहेत. तीन आणि चार नंबरच्या त्या १४ मध्ये नाहीत. एकीकडे निरीक्षक येऊन मोहोर आणि कॅमेरे तपासतो, दुसरीकडे त्याचा पाय पडत नाही. ज्या भट्टीची तपासणीच होत नाही तिचा अहवाल मागितला तर "माहिती उपलब्ध नाही" हे उत्तर खरंच असेल, त्यावर अपील करून उपयोग नाही. अर्ज तारापूर एक-दोनबद्दल करा.

कायद्याची बाजू इथे जरा बारकाईने बघू. कलम २४ खालच्या दुसऱ्या अनुसूचीत आयबी, रॉ, डीआरडीओ वगैरे संस्था कायद्यातून वगळल्या आहेत. अणुऊर्जा विभाग त्या यादीत नाही. म्हणून तिथला जन माहिती अधिकारी "आम्हाला कायदा लागू नाही" म्हणू शकत नाही. त्याला कलम ८ मधलं कारण द्यावंच लागतं. तो बहुधा ८(१)(ए) देईल. त्यात देशाची सुरक्षा, सामरिक आणि वैज्ञानिक हितसंबंध, परराष्ट्राशी संबंध हे सगळं येतं. ८(१)(एफ) ही लावतील, पण तिथे भांडायला जागा आहे. कायद्याचे शब्द आहेत "परदेशी सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहिती". आयएईए हे सरकार नाही.

वीस वर्षांच्या तरतुदीवर लोक फार भरवसा ठेवतात. कलम ८(३) म्हणतं की २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावी. पण त्याच कलमात (ए), (सी) आणि (आय) हे अपवाद कायम ठेवले आहेत. म्हणजे वीस वर्षांनी (एफ) चं कुलूप गळून पडतं, (ए) चं राहतं. मग हातात उरतं कलम ८(२): उघड करण्यातलं जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर, गुपिते कायदा असला तरी, माहिती देता येते. आणि कलम १०: गुप्त भाग काढून उरलेला द्या. माझं मत विचाराल तर अणूच्या विषयात सगळ्यात कामाचं कलम १० आहे. "अहवाल द्या" म्हटलं की "नाही" म्हणणं सोपं असतं. "अहवालातलं काय देता येतं ते द्या, बाकी का नाही ते पानागणिक सांगा" म्हटलं की अधिकाऱ्याला नस्ती, म्हणजे फाइल, उघडावी लागते.

नस्तीवरून एक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका केंद्रीय कार्यालयात मी नस्ती बघायला गेलो होतो. विषय अणूचा नव्हता, जमिनीचा होता. पहिला तास फुकट असतो, पुढच्या प्रत्येक तासाला पाच रुपये. शिपायाने लाल फीत सोडून नस्ती समोर ठेवली. मी पानं उलटत गेलो. वरच्या कोपऱ्यात लाल शाईचे आकडे होते. एकेचाळीस नंतर एकदम अठ्ठावन्न. मधली सोळा टिपणी पानं काढून ठेवली होती आणि त्याबद्दल कुठे शब्द नव्हता. भोकांच्या कडा ताज्या फाटलेल्या दिसत होत्या. मी वाद घातला नाही. कागदावर दोन ओळी लिहिल्या, "पान ४२ ते ५७ दाखवली नाहीत, कलम १० खालची कारणं द्यावीत", आणि आवक शिक्का मारून घेतला. अपिलात त्यातली अकरा पानं मिळाली. म्हणून सांगतो, अहवालाच्या आधी अनुक्रमणिका मागा. पानांची यादी, जावक क्रमांक, तारखा, कोणाचं पत्र कोणाला. एवढं हातात असलं की पुढचा अर्ज अंधारात टाकायचा नसतो.

आपल्या न्यायालयांनी काय म्हटलंय तेही माहीत हवं. १९९५ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाने अणुप्रकल्पांतल्या सुरक्षेच्या सुमारे १३० त्रुटींचा अहवाल तयार केला. तेव्हा ए. गोपालकृष्णन अध्यक्ष होते. तो मिळावा म्हणून पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले, हरले, सर्वोच्च न्यायालयात गेले, जानेवारी २००४ मध्ये तिथेही हरले. न्यायालयाने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातलं माहिती रोखण्याचं कलम १८ वैध ठरवलं. पुढे माहिती अधिकार आल्यावर अणुविरोधी कार्यकर्ते एस. पी. उदयकुमार यांनी तामिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पाचे सुरक्षा अहवाल मागितले. ३० एप्रिल २०१२ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने ते द्या म्हणून आदेश दिला, पण प्रकल्प चालवणारी सरकारी कंपनी एनपीसीआयएल दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि आदेश अडकला. हे दोन्ही कागद सुरक्षेचे होते, अण्वस्त्रांचे नव्हते. तरी ही वाट इतकी चढाची आहे.

याच्या उलट एक निकाल आहे. अपिलात तो जरूर जोडा. डिसेंबर २०१५, रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँकेच्या ठेवीदाराला हे पटकन कळेल. रिझर्व्ह बँक म्हणत होती, बँकांचे तपासणी अहवाल आम्हाला विश्वासाने मिळतात, देता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्यात तसलं विश्वासाचं नातं नसतं, तपासणी लोकांसाठी असते. बँकांनी नंतर या निकालावर पुन्हा वाद उभा केला, हे खरं. आणि अणूच्या बाबतीत ८(१)(ए) वेगळं उभं राहतंच. पण कोणी ८(१)(ई) लावून "निरीक्षकाशी आमचं विश्वासाचं नातं" म्हटलं, तर हा निकाल त्याच्यापुढे ठेवायचा.

आता इराक. इथे सगळं कुलूपबंद आहे असं समजून अर्ज करायला बसू नका. सुरक्षा परिषदेने ३ एप्रिल १९९१ रोजी ठराव ६८७ केला आणि आयएईएच्या कृतिगटाला अणूचा शोध घ्यायला लावलं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये बगदादमध्ये डेव्हिड के यांच्या नेतृत्वाखालच्या ४४ जणांच्या पथकाला अण्वस्त्र कार्यक्रमाचे कागद सापडले. इराकी अधिकाऱ्यांनी ते बाहेर नेऊ दिले नाहीत. पथकही कागद सोडेना. चार दिवस माणसं इमारतीबाहेरच्या पार्किंगमध्ये गाड्यांत आणि बसमध्ये बसून राहिली. ज्या कागदांसाठी ती बसली त्यांचं सार पुढच्या अहवालांत आहे, आणि ते अहवाल सुरक्षा परिषदेचे दस्तऐवज म्हणून छापले गेले आहेत. ८ ऑक्टोबर १९९७ चा एस/१९९७/७७९ आधी वाचा. इराकच्या अणुकार्यक्रमाचं जवळपास सगळं चित्र त्यात आहे आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. प्रबंधाला लागणाऱ्यापैकी बरंचसं तिथेच मिळेल.

जे त्यात नाही ते का नाही, हे समजून घेतलं तर तिसरं कुलूप दिसतं. डिसेंबर २००२ मध्ये इराकने आपल्या शस्त्र कार्यक्रमांबद्दल सुमारे १२,००० पानांचं निवेदन दिलं. पाच कायम सदस्यांना ते पूर्ण मिळालं. सुरक्षा परिषदेतच बसणाऱ्या बाकीच्या दहा देशांना साधारण ३,५०० पानं मिळाली. काढलेल्या भागात बॉम्ब कसा बनवायचा याचे तपशील होते, आणि इराकला माल पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांची नावंही होती. पहिली गोष्ट झाकणं मला मान्य आहे. दुसरी नाही. व्यापाऱ्याची अब्रू आणि जगाची सुरक्षा एकाच शिक्क्याखाली जाते, तिथे संशोधकाने हटून मागायला हवं.

पहिली का मान्य, तेही सांगतो. मार्च २००६ मध्ये अमेरिकी सरकारने इराकमध्ये जप्त केलेले कागद एका संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. काही लोकप्रतिनिधींचा दबाव होता, की लोकांनाच शोधू दे. त्यात इराकने १९९० च्या दशकात निरीक्षकांसाठीच तयार केलेले अणुसंशोधनाचे अहवालही गेले, आकृत्या आणि आकडेमोडीसह. आयएईएच्या अधिकाऱ्यांना धक्का बसला. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली आणि ते संकेतस्थळ बंद करावं लागलं. मी आयुष्यभर कागद उघडे करायला भांडत आलो, तरी ही पानं परत झाकली ते बरोबरच झालं असं मानतो. तुमच्या अर्जात "रचना, मापं, धातुकाम यांचे तपशील मला नकोत, ते वगळून द्यावं" अशी एक ओळ स्वतःहून घाला. त्याने तुमचा हेतूही दिसतो आणि कलम १० चं काम सोपं होतं.

इराकच्या तपासणी आयोगांचे, आधी अन्स्कॉम आणि मग अन्मोविक यांचे, मूळ कागद न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या अभिलेखागारात आहेत. २९ जून २००७ च्या ठराव १७६२ ने अन्मोविक बंद केला, तेव्हाच सांगून ठेवलं की शस्त्रप्रसाराला उपयोगी पडेल अशी आणि सदस्य देशांनी विश्वासाने दिलेली माहिती कडक बंदोबस्तात ठेवायची. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात "गोपनीय" कागद साधारण २० वर्षांनी खुले होतात, "अतिगोपनीय" कागदांचा मात्र तेव्हा फेरविचार होतो. म्हणून नुसतं "इराक" न लिहिता पेटी, वर्ष आणि विषय लिहून विचारणा करा. तिथे आपला आरटीआय चालत नाही, विनंतीचं पत्रच चालतं. विभागप्रमुखांच्या सहीचं आणि विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्र सोबत जोडा.

अमेरिकेची वाट आपली मुलं विसरतात. तिकडचा माहितीचा कायदा १९६६ चा आहे आणि अर्ज कोणीही करू शकतो, कोल्हापुरात बसूनही. शैक्षणिक अर्जदाराला शोधाचा खर्च पडत नाही, पहिली शंभर पानंही फुकट मिळतात. एखादा ठरावीक कागद माहीत असेल, तारीख आणि क्रमांकासकट, तर कायद्याच्या अर्जाऐवजी "सक्तीचा गोपनीयता-फेरविचार" मागावा. तिथलं अपील आंतरखात्यांच्या मंडळापर्यंत जातं. अण्वस्त्राच्या रचनेची माहिती मात्र तिकडे जन्मतःच गुप्त मानतात, तिला वर्षांची मुदत लागू नाही.

या वाटेने काय मिळतं त्याचं उदाहरण म्हणजे दिमोना. १९६१ ते १९६९ या काळात अमेरिकी शास्त्रज्ञांनी इस्रायलच्या या अणुकेंद्राला भेटी दिल्या. इस्रायल आजही आपल्या अण्वस्त्रांबद्दल हो किंवा नाही म्हणत नाही. पण भेटींचे अहवाल लिहिणारे अमेरिकी होते, म्हणून ते अमेरिकेच्या दप्तरात राहिले, आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हने ते मिळवून छापले. तपासून घेणाऱ्याने लावलेलं कुलूप तपासणाऱ्याच्या घरी उघडलं. प्रबंधात तुलनेसाठी तिसरं प्रकरण हवं असेल तर हेच घ्या. दक्षिण आफ्रिकाही बघा. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी सहा बॉम्ब मोडल्याचं स्वतः जाहीर केलं, पण त्याआधी कार्यक्रमाचे बरेच कागद नष्ट झाले होते. २००० च्या त्यांच्या माहिती कायद्याखाली अभ्यासक अर्ज करत राहिले ते उरल्यासुरल्या कागदांसाठी.

आता तुमचा अर्ज. अणुऊर्जा विभागाच्या पत्त्यावर, सोबत इंग्रजी भाषांतर. मराठीत अर्ज करायचा हक्क कलम ६(१) ने दिलाय, पण भाषांतर नसेल तर तो आठवडाभर टेबलावर पडून राहतो. केंद्राच्या नियमात पाचशे शब्दांची मर्यादा आहे, राज्यासारखी दीडशेची नाही. मजकूर साधारण असा ठेवा:

"तारापूर अणुवीज केंद्र, एकक एक व दोन, यांच्याबाबत: (१) १ जानेवारी २०१० पासून आयएईएच्या निरीक्षकांच्या भेटींची वर्षवार संख्या. (२) या भेटींविषयीच्या पत्रव्यवहाराच्या नस्त्यांची नावं, क्रमांक व पानांची यादी. (३) या नस्त्या किती वर्षं जतन करायच्या, याबाबतची अभिलेख जतन सूची. (४) वरील नस्त्यांतील जो भाग देता येतो तो, कलम १० नुसार, रचना व सुरक्षाव्यवस्थेचे तपशील वगळून."

पहिल्या तीन मुद्द्यांत एकही गुपित नाही. चौथ्यावर नकार येईल असं धरून चाला. त्या नकारात कलम, कारण आणि अपिलीय अधिकाऱ्याचं नाव-पत्ता हवा, कलम ७(८) तसं सांगतं. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची असते, कलम १९(५) प्रमाणे. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत, दिल्लीला केंद्रीय माहिती आयोगाकडे. सुनावणीला दिल्लीला जावं लागत नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एनआयसीच्या, म्हणजे सरकारी संगणक केंद्राच्या, खोलीत पडद्यासमोर बसता येतं. त्याही पुढे जायची वेळ आली तर रिट. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, त्याच्या सहा जिल्ह्यांत रत्नागिरी आहे, म्हणजे नियोजित अणुप्रकल्पाचं जैतापूरही. तारापूर त्यात येत नाही, तेव्हा रिट कुठे दाखल करायचं ते वकिलांना विचारून ठरवा.

आणि पाकीट टाकू नका. उत्तरावर अधिकारी आधीची तारीख घालतात, पण ३० दिवस मोजायचे ते उत्तर तुमच्या हातात पडल्यापासून. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का हाच त्याचा पुरावा असतो. मी तो उत्तराच्या मागे टाचून ठेवतो.